लिनक्स मशीनचं नाव कुठे ठरवायचं: मशीनवर, राऊटरवर की दोन्हीकडे?

मराठवाड्यात शाळेची लॅब, अभ्यासिका किंवा ई-सेवा केंद्र चालवणाऱ्याला नेटवर्कचा विचार लाईटपासून करावा लागतो. लाईट गेली की राऊटर बंद. बरेच स्वस्त राऊटर कोणत्या मशीनला कोणता आयपी (नेटवर्कातला आकड्यांचा पत्ता) दिला याची यादी मेमरीतच ठेवतात, म्हणून लाईट आल्यावर पत्ते इकडचे तिकडे होऊ शकतात. काल १९२.१६८.१.५ वर असलेलं प्रिंटरचं मशीन आज ९ वर जातं आणि फॉर्मची प्रिंट घ्यायला आलेली माणसं खोळंबतात. आयपी पाठ करण्यापेक्षा मशीनला नावानं शोधावं हे खरंच, पण ते नाव द्यायच्या वाटा अनेक आहेत.

नाव डीएचसीपीकडून, म्हणजे मशीनना आपोआप आयपी वाटणाऱ्या व्यवस्थेकडून, घेता येतं. मात्र ते तात्पुरतं असतं, आणि मशीनवर कायमचं नाव ठेवलेलं असेल तर सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सांभाळणारी प्रणाली) त्यालाच मान देतं. सर्व्हर सांभाळायला वेगळा माणूस असलेल्या मोठ्या कॉलेजात ही सोय चालेल. लहान केंद्रानं तिच्या वाटेला जाऊ नये.

माझ्या मते पाया एकच: नाव मशीनवरच ठेवा. ‘होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम’ आणि पुढे नाव, एवढी एकच आज्ञा. नाव रोमन लहान अक्षरांत लिहा. अंक आणि मधली आडवी रेघ चालते, अंडरस्कोर नको. मांजरा, तेरणा, दुधना, सिंदफणा अशी आपल्या नद्यांची नावं दिली तर पोरांच्याही लक्षात राहतात. यानंतरचं काम बरेच जण विसरतात. ईटीसी फोल्डरमधल्या होस्ट्स फाइलीत (कोणत्या नावाचा आयपी कोणता, हे तिच्यात असतं) जुनं नाव तसंच राहिलं, तर सुडो, म्हणजे प्रशासकाच्या हक्कानं आज्ञा चालवण्याची सोय, वापरताना ‘अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट’ अशी तक्रार येते. तिथे ही ओळ हवी (इथे देवनागरीत दिली असली तरी फाइलीत रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंकच टाका):

१२७.०.१.१ मांजरा

इथे राऊटरनं दिलेला आयपी लिहू नका, तो उद्या बदलेल. १२७.०.१.१ हा मशीनचा आतल्या आतला पत्ता आहे. कायमचा आयपी नसलेल्या मशीनसाठी डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांत हीच पद्धत आहे.

पण हे नाव अजून फक्त त्या मशीनलाच माहीत आहे. शेजारच्या मशीनलाही हे मशीन सापडावं, तर अवाही (मशीनचं नाव नेटवर्कात स्वतःच जाहीर करणारी सेवा) की राऊटरवरचं रिझर्व्हेशन (एका मशीनसाठी एक आयपी राखून ठेवणं), हे ठरवावं लागतं.

अवाही असेल तर ‘मांजरा.लोकल’ एवढं टाकलं की मशीन सापडतं, मग आयपी कोणताही असो. राऊटरला हात लावावा लागत नाही, म्हणून राऊटरचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती असलेल्या ठिकाणी मी डोळे झाकून हेच सुचवेन. मर्यादा अशी की ते एकाच नेटवर्कात चालतं, राऊटर ओलांडून पलीकडे जात नाही. फायरवॉलमध्ये यूडीपीचं ५३५३ पोर्ट उघडं लागतं. आणि एका हार्डडिस्कची कॉपी करून सगळी लॅब उभी केली असेल, तर सगळ्यांचं नाव एकच असतं. मग अवाही एकाला मांजरा ठेवतं, बाकीच्यांना मांजरा-२, मांजरा-३ करतं. लाईट आल्यावर आधी कोण चालू झालं यावर हे ठरतं, म्हणजे पुन्हा तोच गोंधळ. कॉपी केल्यावर प्रत्येक मशीनचं नाव बदलाच. शिवाय ईटीसीमधली मशीन-आयडी (प्रत्येक मशीनची वेगळी ओळख) हीसुद्धा नवी करून घ्या, नाहीतर काही व्यवस्थांमध्ये दोन मशीन एकच आयपी मागतात.

रिझर्व्हेशनमध्ये मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) पाहून राऊटर दरवेळी तोच आयपी देतो. प्रिंटर आणि फाइली ठेवायचं मशीन, एवढ्यांसाठी ते जरूर करा. जुने प्रिंटर आणि काही मोबाईल ‘.लोकल’ नाव ओळखत नाहीत, तिथे पक्का आयपीच कामी येतो. नेटवर्क कार्ड जळून बदललं तर नोंदही बदलावी लागेल, हे राऊटरवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

मशीनवरच हातानं स्थिर आयपी टाकण्याचा मोह होतो. राऊटर तोच आयपी दुसऱ्याला वाटून बसतो आणि दोघंही अडकतात. राऊटरची वाटपाची मर्यादा माहीत असेल आणि तिच्या बाहेरचा आकडा घेणार असाल, तरच तो टाका. घर आणि केंद्र अशी ये-जा करणाऱ्या लॅपटॉपवर तर नकोच. त्याला मशीनवरचं नाव आणि अवाही पुरतं.