एसपीसी उखडून बसचं व्हिनाईल टाकलं: आमच्या ट्रॅव्हलरच्या जमिनीचा अनुभव

“गाडीत बसवलंय? मग वॉरंटी लागू होत नाही.” एवढं बोलून दुकानदाराने फोन ठेवला. माल घेताना हाच माणूस म्हणाला होता की एसपीसीच्या फळ्या जमिनीवर कुठेही टाका, पाण्याला दाद देत नाहीत, दहा वर्षं बघायला नको. गाडीत टाकायचंय हे मी तेव्हाच सांगितलं होतं, इतकंच काय, गाडीच्या आतले फोटो दाखवून माप दिलं होतं. वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरात फक्त घरातल्या वापरापुरती हमी छापलेली निघाली आणि तेवढ्यावर त्यांनी हात वर केले. चाळीस चौरस फुटांच्या जमिनीला दोनदा पैसे मोजावे लागले, त्याचा राग अजून आहे. ज्यांच्या गाडीचं काम अजून व्हायचं आहे त्यांचे तरी पैसे वाचावेत म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी फोर्स ट्रॅव्हलर, ३३५० व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये), पुण्यातच कॅम्पर, म्हणजे आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली, करून घेतलेली. मूळ जमीन लॅमिनेटची होती. लॅमिनेटच्या पोटात दाबलेला लाकडी भुसा असतो, तो एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि वाळल्यावरही परत बसत नाही. आमच्या बेसिनखालचा पाइप थोडा झिरपत होता, तेवढ्यात ओट्यापुढच्या फळ्यांच्या कडा उचलल्या. लॅमिनेटवर याहून जास्त लिहिण्यासारखं नाही. गाडीत ते टाकूच नका.

ते काढून आम्ही एसपीसी टाकलं. एसपीसी म्हणजे चुन्याच्या दगडाची भुकटी आणि पीव्हीसी यांची फळी. पाण्याने फुगत नाही ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, आणि पहिले दोन-तीन महिने मी जो भेटेल त्याला एसपीसीच घ्या म्हणून सांगत होतो. सागवानी रंग, पुसायला सोपं, पाहुणे आत आले की आधी खाली बघायचे. वजन मात्र तेव्हाही खटकलं होतं. ५ मिलिमीटर जाडीचं एसपीसी चौरस मीटरला नऊ-दहा किलो भरतं, म्हणजे आमच्या मोकळ्या जागेत पस्तीस किलोच्या आसपास. पाण्याची टाकी, बॅटरी, सिलिंडर, माणसं असं सगळं मोजूनमापून ठेवावं लागणाऱ्या गाडीत पस्तीस किलो उगाच वाहायचे, तेही दर लिटर डिझेलमागे.

मग कुरकुर सुरू झाली. आधी ओट्यापुढे, तीही फक्त डावं चाक खड्ड्यात गेल्यावर. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत सगळी गाडी कुरकुरायला लागली. एसपीसीच्या फळ्या एकमेकींत खटक्याने अडकतात आणि खाली चिकटवलेल्या नसतात, जमिनीवर नुसत्या तरंगत्या असतात. घरात खाली काँक्रीट असतं, ते हलत नाही. ट्रॅव्हलरच्या तळाचा पत्रा नाळीदार असतो, त्यावर प्लाय, आणि वळणावर, गतिरोधकावर सगळी बॉडी पिळवटते. दोन नाळींच्या मधे प्लाय दबतो, वरचा खटका दर वेळी किंचित उघडतो आणि मिटतो. खटक्याची जीभ एक-दीड मिलिमीटरची, ती किती दिवस टिकणार?

उरलेलं काम चंद्रपूरच्या मे महिन्याने केलं. ताडोबाला मोहर्लीच्या बाजूला गाडी दुपारभर उन्हात बंद उभी होती. अशा उन्हात बंद गाडीतली हवा साठ अंशांच्या घरात जाते. तरंगत्या जमिनीला प्रसरणासाठी भिंतीकडे सात-आठ मिलिमीटर मोकळी फट लागते, पण आमच्या फळ्यांवर एका बाजूला ओटा स्क्रूने आवळलेला आणि दुसऱ्या बाजूला बेडची पेटी. जायला जागाच नव्हती. संध्याकाळी दार उघडलं तर मधली रांग तंबूसारखी वर आलेली. पाय दिला की खाली बसायची, उचलला की परत वर. फळ्या गार झाल्यावर सपाट झाल्या, पण दोन सांध्यांच्या जिभा तुटल्या त्या तुटल्याच. तेव्हा मी दुकानात फोन केला.

दुसऱ्या खेपेला भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये पुन्हा फेरी मारली. प्रत्येकाने घराचाच माल पुढे केला. शेवटी बस बॉडी बांधणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रींनी फळीचा तुकडा हातात घेऊन वाकवून बघितला आणि म्हणाले, “साहेब, वस्तू चांगली आहे, पण ही थांबलेल्या जागेची आहे. गाडीला सांधा नको. सांधा आला की पाणी आलं, आवाज आला.” बसमध्ये टाकतात ते व्हिनाईल, म्हणजे पीव्हीसीची चादर, त्यांनी दाखवलं: २ मिलिमीटर जाड, वरच्या थरात खरखरीत कण मिसळलेले, ओल्या पायाला पकड देणारं. रोलची रुंदी २ मीटर. ट्रॅव्हलरची आतली रुंदी त्याहून कमी, त्यामुळे दारापासून बेडपर्यंत एकच तुकडा, मधे एकही सांधा नाही. वजन सगळं मिळून दहा-अकरा किलो. पंचवीस किलो तिथल्या तिथे वाचले, आणि बिलही एसपीसीच्या निम्म्याने आलं.

हिला ते बिलकूल आवडलं नाही. “एसटीत राहायला गेल्यासारखं वाटेल,” म्हणाली. राखाडी रंग, वर बारीक ठिपके, मलाही फार उत्साह नव्हता. पण ज्या जमिनीवर रोज शेकडो माणसं चपलांनी चढतात-उतरतात, तिच्यावर आमचं चार माणसांचं ओझं काय? घेताना एक गोष्ट जरूर विचारा: माल आयएस १५०६१ प्रमाणे तपासलेला आहे का. वाहनाच्या आतल्या सामानावर आग किती वेगाने पसरते त्याचं हे मानक आहे. आपण त्याच दहा फुटांत गॅस पेटवतो आणि तिथेच झोपतो, तेव्हा हा प्रश्न विचारायला संकोच नको.

खालचा प्लाय बेसिनजवळ काळा पडला होता, तेवढा कापून आयएस ७१० या मानकाचा मरीन (पाण्यात टिकणारा) प्लाय बसवला. कापलेल्या कडांना आधी इपॉक्सी पाजलं, कारण प्लाय पाणी पितो तो कडेने. ब्राऊन पेपरचा साचा काढला, रोल दिवसभर उन्हात पसरून सैल होऊ दिला, मगच कापला. प्लायला आणि व्हिनाईलच्या पाठीला असं दोन्हीकडे चिकट लावून, ते हाताला लागेनासं झाल्यावर, मधून कडेकडे दाबत नेलं. वास दोन-तीन दिवस राहतो. दारं उघडी ठेवा आणि तोपर्यंत गॅस लावू नका.

आता दाराची पट्टी. हिच्यावर मी जमिनीपेक्षा जास्त वेळ घालवला आहे आणि माझ्या मते या सगळ्या कामाचं मर्म तिथे आहे. सरकत्या दाराच्या पायरीवर जमीन जिथे संपते तिथे एक एल आकाराची पट्टी लागते. सगळं पाणी तिथे पडतं, समुद्रावरची वाळू तिथे झटकली जाते, प्रत्येक पाय आधी तिच्यावर पडतो. पहिल्यांदा ॲल्युमिनियमची पट्टी लोखंडी स्क्रूंनी ठोकली होती. गुहागरला जाऊन आल्यावर काही आठवड्यांतच स्क्रूंच्या डोक्याभोवती पांढरी भुकटी जमली, त्यातून तांबूस ओघळ आले. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, म्हणजे गंज ठरलेलाच. एक स्क्रू फिरवला तर नुसताच गोल फिरत राहिला. पट्टी उचलली तेव्हा खाली ओल होती, आणि प्लायच्या कडेत नख रुतलं. म्हणजे जमीन वरून कोरडी, छान, आणि तिची कड आतून कुजत होती. गाडी दाखवताना कुणी ही पट्टी दाखवत नाही, कुणी बघत नाही, आणि कॅम्पर बांधणारेही तिथेच शंभर रुपये वाचवतात. याची मला फार चीड आहे.

आता स्टेनलेस स्टीलची पट्टी आहे, स्क्रूही स्टेनलेसचे. प्रत्येक भोकात आणि पट्टीच्या खाली सलग पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे फट बुजवणारा लवचिक मसाला, भरलं आहे. सिलिकॉन नको, वाकणाऱ्या पत्र्यावर ते लवकर सुटतं. जुनं सिलिकॉन असेल तर ब्लेडने खरवडून पूर्ण काढा, त्यावर दुसरं काही धरत नाही. पावसाळ्यात ताम्हिणीत आणि आंबोलीत गाडी भरपूर भिजली. घरी आल्यावर एका कोपऱ्यातला स्क्रू काढून बघितला, प्लाय कोरडा होता. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा सागवानी रंगाने कधी झाला नाही.

व्हिनाईलबद्दलचं माझं मत मधे थोडं खाली आलं, तेही सांगतो. कोकणातली जांभ्याची लाल माती त्या खरखरीत कणांत जाऊन बसते. नुसत्या पोछ्याने निघत नाही, नायलॉनचा ब्रश आणि साबणाचं पाणी लागतं, आणि गुडघ्यावर बसून घासावं लागतं. दुसरं, दाराशी रबरी तळाचं पायपुसणं ठेवलं होतं. ते उचललं तर खाली पिवळट-तपकिरी चौकोन उमटलेला. रबरातली रसायनं व्हिनाईलमध्ये उतरतात, तो डाग वरून लागलेला नसतो, त्यामुळे कशानेही जात नाही. व्हिनाईलवर हे होतं, पण मला एकाही विक्रेत्याने ते सांगितलं नाही. आता सुती सतरंजी टाकतो. डिसेंबरात पाचगणीला तिचा उपयोगच झाला, कारण पातळ व्हिनाईल सकाळी पायाला बर्फ लागतं. गारव्यासाठी खाली फोम घालावा असा सल्ला बरेच जण देतात. मी घातला नाही. मऊ फोमवर टेबलाच्या पायाचे खळगे पडतात, आणि फोममध्ये पाणी शिरलं तर कळतही नाही.

उन्हाळ्याची परीक्षाही झाली आहे. विदर्भातल्या उन्हात बेडच्या बाजूला कड दोनेक मिलिमीटर आत सरकली. तिथे सीलंटची रेघ भरली, काम संपलं. फुगवटा नाही, आवाज नाही. घाटात आता फक्त भांडी वाजतात, ती माझ्या हातात आहेत.

उखडलेलं एसपीसी फेकलं नाही. चांगल्या फळ्या निवडून आईच्या खोलीत टाकल्या, तिथे त्या नीट बसल्या आहेत. दुकानदाराकडून एक रुपयाही परत आला नाही. गाडीसाठी कुणी विचारलं तर मी बस बॉडीवाल्याकडे पाठवतो, आणि दाराची पट्टी स्टेनलेसची आहे का ते चुंबक लावून ठरवू नका, पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या असं सांगतो, कारण स्टेनलेसच्या काही जातींना चुंबक चिकटतो आणि साध्या ॲल्युमिनियमला तो मुळीच चिकटत नाही.