वॉम्बॅटचा तक्ता : चित्रे उत्तम, संवर्धनाची बाजू लंगडी

शहादा तालुक्यातील आमच्या शाळेसाठी ऑस्ट्रेलियातील केसाळ नाकाच्या वॉम्बॅटांचा (बिळात राहणाऱ्या, पोटाला पिशवी असलेल्या प्राण्यांचा), म्हणजे उत्तरी आणि दक्षिणी या दोन जातींची तुलना करणारा तक्ता धुळ्याच्या एका दुकानातून घेतला. चित्रकाराचे काम मनापासून दाद देण्याजोगे आहे. नाकावरची मऊ लव, उत्तरी जातीचे रुंद मुस्कट आणि चाळीस किलोपर्यंत भरणारे तिचे थोराड अंग ठसठशीत उतरले आहे. मादीच्या पोटाची पिशवी मागच्या बाजूला उघडणारी दाखवली असल्यामुळे, बीळ उकरताना माती पिल्लावर का पडत नाही, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

मात्र दोन्ही चित्रांखाली एकच लाल ठिपका आणि ‘दुर्मीळ’ एवढा एकच शब्द छापला आहे, हे मला मुळीच पटत नाही. दक्षिणी जात ही दक्षिण ऑस्ट्रेलियाचा राज्यप्राणी असून आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) यादीत ती ‘संकटसमीप’ गणली जाते. लूत, दुष्काळ आणि शेतातल्या बिळांवरून शेतकऱ्यांशी होणारा झगडा या तिच्या अडचणी आहेत. उत्तरी जात मात्र ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. १९८०च्या दशकात क्वीन्सलँडमधील एपिंग फॉरेस्ट या एकाच ठिकाणी तिचे जेमतेम ३५ प्राणी उरले होते. गुरांची चराई थांबवली गेली, डिंगो कुत्र्यांनी काही वॉम्बॅट मारल्यानंतर २००२मध्ये सुमारे २० किलोमीटरचे कुंपण घातले गेले, २००९मध्ये सेंट जॉर्जजवळ दुसरी वसाहत सुरू झाली आणि संख्या तीनशेच्या पुढे गेली. एवढ्या कष्टाने सावरलेल्या जातीबद्दल तक्त्यात एक ओळही नसावी, याचे वाईट वाटते.

आमच्या मुलांना हा फरक सहज कळला असता. विजेच्या तारेवर बसणारा साधा पिंगळा ती रोज पाहतात आणि १८८४नंतर कोणालाच न दिसलेला रानपिंगळा १९९७मध्ये याच शहादा परिसरात पुन्हा सापडला, हेही त्यांना ठाऊक आहे.

लॅमिनेशन भक्कम आहे, पण ट्यूबलाइटखाली चकाकते आणि मागच्या बाकांवरून बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. शरीररचना शिकवण्यासाठी तक्ता जरूर घ्यावा. प्रकाशकांनी पुढच्या आवृत्तीत दोन जातींना दोन वेगळे रंग आणि वसाहतींचा छोटा नकाशा द्यावा. तोवर आम्ही उत्तरी वॉम्बॅटच्या चित्राखाली एपिंग फॉरेस्टची हकीकत लिहिलेला कागद चिकटवला आहे.