'क्रॅश लँडिंग ऑन यू' की 'रिप्लाय 1988'?

मावसबहिणीला दिवाळीच्या सुट्टीत एकच कोरियन मालिका बघायची आहे, आणि तिची अट एकच: प्रेम मनाला लागलं पाहिजे.

वेळेचं आधी. 'क्रॅश लँडिंग' 16 भागांची, 'रिप्लाय' 20. त्यातही 'रिप्लाय'चा भाग दीड तासाच्या आसपास, म्हणजे फराळ करता करता उरकेल असं नाही.

प्रेम कधी सुरू होतं? पहिलीत दक्षिण कोरियाची सेरी पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडून थेट उत्तर कोरियात पडते आणि तिथल्या सैन्यातला कॅप्टन री समोर उभा. पटतं का? मुळीच नाही! पण रात्रीच्या बाजारात ती हरवते, तेव्हा तो गर्दीत पेटलेली मेणबत्ती उंच धरून उभा राहतो. आधी तिने सुगंधी मागितली असताना साधी आणली होती, आता सुगंधीच. तिथे मी विरघळले.

'रिप्लाय'मध्ये सोलच्या एका गल्लीतली पाच मुलं. त्यांच्यातला जंगह्वान गच्च भरलेल्या बसमध्ये मैत्रीण दोकसनला धक्का लागू नये म्हणून हात ताणून उभा राहतो आणि तोंडाने अवाक्षर काढत नाही. अरे बोल ना बाबा! कितीदा ओरडले असेन. पुढे दोकसनचा नवरा कोण होतो, हे कोडं मात्र जरा जास्तच ताणलंय.

रडू दोन्हीकडे. पहिलीत सीमेमुळे, दुसरीत बरेचदा आईवडिलांमुळे.

नुकतंच मन मोडलं असेल, तर 'क्रॅश लँडिंग' लाव. शाळेतलं कुणी अजून आठवत असेल, तर 'रिप्लाय', आणि पहिले दोन-तीन भाग धीर धर.