गुडघेबदल शस्त्रक्रियेआधीची निर्णयपुस्तिका: ज्येष्ठांना कितपत उपयोगी?
रुग्णाला उपचाराचे पर्याय समजावून निवड करायला मदत करणाऱ्या या पुस्तिकेचं अक्षर १६ पॉइंटचं, कागद न चकाकणारा; चष्मा लावूनही डोळे ताणणाऱ्यांची इथेच निम्मी सुटका. व्यायाम, वेदनाशामक गोळ्या, सांध्यातलं इंजेक्शन, शस्त्रक्रिया असे पर्याय शेजारीशेजारी मांडलेत. 'सध्या काहीच नको' हा पर्याय मात्र गाळलाय, आणि तोही कायदेशीर निर्णयच असतो. जंतुसंसर्गाचा धोका 'क्वचित' म्हणे! क्वचित म्हणजे कुणाला दहात एक, कुणाला हजारात एक. '१०० जणांपैकी इतके' असंच छापायला हवं. शेवटचं पान उत्तम: 'काय करणार, ते तुमच्या शब्दांत सांगा.' नुसतं 'समजलं ना?' विचारलं की मान डोलते नि सही होते. पण हे पान शस्त्रक्रियेच्या सकाळी भरायला सांगितलंय. ते आधीच्या भेटीत, श्रवणयंत्र कानात असताना भरून घ्यावं.