भाऊजींच्या गोळ्या सोडवायला मिरजेत नेलं, त्याबद्दल

आमचे भाऊजी तासगावातून बेदाण्याचा ट्रक घेऊन जायचे. पाठ धरली म्हणून कुणीतरी ट्रॅमाडॉल या वेदनाशामक औषधाची गोळी दिली, ती दोन वर्षांत दिवसाला पंधरावर गेली. 2018 पासून हे औषध अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, तरी ते मिळत होतं.

आधी एका केंद्रात ठेवलं. गोळ्या एकदम बंद, खोलीला बाहेरून कडी. उपचार काही नाही, नुसतं 'मन घट्ट करा'. तिसऱ्या दिवशी फिट आली. तिथून काढून मिरजेच्या एका मानसोपचार रुग्णालयात आणलं.

इथे आधी फिटची सगळी चौकशी झाली, त्यासाठी वेगळं औषध लागलं. पण सवय सोडवायची मुख्य गोळी, ब्युप्रेनॉर्फिन, काही देईनात. ट्रॅमाडॉल तुटल्यामुळे भाऊजी जांभया देत होते, नाक गळत होतं. मी भांडले. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "वहिनी, ब्युप्रेनॉर्फिन लवकर दिलं तर अंगात उरलेल्या औषधाला ते हुसकावून लावतं आणि त्रास एकदम उसळतो. लक्षणं नीट दिसू देत." सिस्टर दर दोन तासांनी तक्ता घेऊन यायच्या. नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या, घाम, पोटातली कळ, सगळ्याला गुण. रात्री त्यांनी भाऊजींची बाही वर सारली. पिसं काढलेल्या कोंबडीसारखी कातडी उठली होती. "आता द्यायची," म्हणाल्या. गोळी जिभेखाली, गिळायची नाही, वर पाणी नाही. तासाभरात ते पाय पोटाशी घेऊन झोपले. मी उशाशी बसून रडले.

दहा दिवस राहिलो. तक्रार आहे ती समुपदेशनाची. दोनच बैठका झाल्या, तिसरी रद्द. शरीर सावरलं तरी पाठ दुखली की हात गोळीकडेच जाणार, त्यावर बोलायला कुणीतरी हवं होतं. नातेवाइकांना बसायला धड बाकही नाही.

घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना सांगितलेलं मात्र प्रत्येक घराने ऐकावं: आता अंगाची सवय मोडली आहे, पूर्वीइतक्या गोळ्या घेतल्या तर श्वास बंद पडू शकतो. त्याच संध्याकाळी मी ट्रकच्या सीटखालचं, गादीखालचं, देवघरामागचं सगळं काढलं. तेरा पाकिटं निघाली.

कुणाला कुठे जायचं कळत नसेल तर 14446 या सरकारी मोफत क्रमांकावर विचारा. आम्ही दर सोमवारी तासगावहून एसटीने तपासणीला जातो. भाऊजी आता तिकिटाचे पैसे स्वतः काढतात.