जुन्या शेतघरासाठी घेतलेला मुरवलेला चुना

पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेले आमचे शेतातले जुने घर आम्ही घरच्याच माणसांनी दुरुस्त करायला घेतले असून, त्याच्या दगडमातीच्या भिंतींसाठी कोल्हापुरातील एका दुकानातून मुरवलेला, म्हणजे पाण्यात विरवून भिजत ठेवलेला, चुना आणला. सिमेंटचा गिलावा अशा भिंतींतली ओल आत कोंडून ठेवतो, चुन्याचा गिलावा ती बाहेर पडू देतो. आमच्याकडच्या पावसात हा फरक किरकोळ नाही.

माल झाकणाच्या पिंपात मिळतो. चुना लोण्यासारखा मऊ आहे आणि थापीवरून सहज सरकतो. मात्र एका पिंपात न विरलेल्या कळ्या, म्हणजे चुन्याचे खडे, निघाल्या. अशा कळ्या गिलाव्यात राहिल्या, तर त्या पुढे ओलाव्याने फुलतात आणि भिंतीचे टवके उडतात, म्हणून आईने सगळाच चुना बारीक चाळणीतून घासून गाळून घेतला. दुकानदारांनी कुरकुर न करता पिंप बदलून दिले. गाळण्याचे श्रम अर्थातच आमचे.

तिथली सुरखी मात्र निःसंशय उत्तम आहे. भाजलेल्या विटेची ही पूड मिसळल्यावर चुना ओलसर जागीही घट्ट होतो, त्यामुळे जोत्यालगतचा पट्टा आम्ही तिच्याच मिश्रणाने लिंपला. नुसता चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कडक होतो. तोवर भिंतीवर ओले गोणपाट धरावे लागते, ही गोष्ट दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. वाहतुकीचा टेम्पोही आपणच ठरवावा लागतो.