जपानला दुसऱ्यांदा : क्योटो, कानाझावा की मात्सुए?

पहिल्या जपानवारीत किंकाकुजी, कियोमिझु आणि फुशिमीच्या लाल कमानी होतातच. परत आल्यावर मनात घर करून राहते ती मात्र एखाद्या लहानशा देवळाची ओसरी आणि तिथे निवांत प्यायलेला माचाचा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा, एक वाडगा. आता खास त्यासाठीच पुन्हा जायचं असेल आणि हातात आठ-नऊ दिवस असतील, तर मुक्काम कुठे टाकायचा? मी तिन्ही ठिकाणं एकाच प्रश्नावर तोलते : तिथे शांतपणे बसायला मिळतं का?

देवळं हाच मुख्य ओढा असेल तर क्योटोला तोड नाही. फक्त या खेपेला वाट बदला. शहराच्या उत्तरेला दाइतोकुजी या झेन मठाच्या आवारात वीसेक उपमंदिरं आहेत. त्यांतली मोजकीच उघडी असतात, पण तेवढ्यांतही अर्धा दिवस सहज जातो. चहाविधीला आजचं रूप देणारे सेन नो रिक्यू याच मठाशी जोडलेले. इथल्या मोठ्या दरवाजाच्या माडीवर त्यांचा लाकडी पुतळा बसवला, तो तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याला खुपला आणि १५९१ मध्ये रिक्यूंना प्राण द्यावे लागले, असं सांगतात. हे ठाऊक असलं की त्या दरवाजासमोरून पाय लवकर निघत नाही. शाकाहारी मंडळींसाठी आवारातच इझुसेनमध्ये भिक्षूंच्या पद्धतीचं जेवण मिळतं. एकात एक बसणाऱ्या लाल वाडग्यांतून ते एकेक करून येतं.

क्योटोला राहून चहासाठी नावाजलेलं उजी गाव चुकवू नका. रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटं. तिथल्या ब्योदोइन देवळाचं १०५३ सालचं फिनिक्स सभागृह दहा येनच्या नाण्यावर आहे; तळ्याकाठी उभं राहून नाणं समोर धरायचा मोह मलाही आवरला नव्हता. पुलाच्या टोकाला त्सुएन हे ११६० पासूनचं चहाचं दुकान आहे. पण बसून चहा घ्यायचा तर नगरपालिकेच्या ताइहोआनमध्ये जा. स्थानिक चहागुरू तुमच्यासमोर माचा घोटून देतात आणि वाडगा कसा फिरवायचा तेही न कंटाळता शिकवतात.

क्योटोची अडचण गर्दीची. गिओन या गेइशांच्या जुन्या भागातल्या काही खासगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांना बंद आहेत, त्यामुळे चहाघरांच्या आशेने तिकडे फिरण्यात अर्थ नाही. आणि रिक्यूंची म्हणून मानली जाणारी दोन चटयांएवढी 'ताइआन' ही चहाची खोली क्योटोजवळ यामाझाकीला आहे. त्यासाठी आगाऊ अर्ज करावा लागतो आणि ती बाहेरूनच बघायची असते.

कानाझावाबद्दल एक गैरसमज आधी दूर करते. तिथला 'हिगाशी चाया' भाग फोटोंत सुंदर दिसतो आणि नावात चहा आहे, पण हे 'चाया' म्हणजे गेइशांच्या मैफलींची घरं. चहाविधीची खोली ती 'चाशित्सु', आणि ही दोन्ही अगदी वेगळी. खरा चहा शोधायचा तर केनरोकुएन बागेत जा. तिथलं युगाओतेइ हे चहाघर १७७४ चं आहे, पण तेही बाहेरूनच पाहायचं; माचा मिळतो तो शिगुरेतेइमध्ये. १६६६ पासून चालत आलेली ओही घराण्याची भांडी मात्र कानाझावाचीच : हाताने घडवलेली, गूळकाकवीच्या रंगाची. देवळांच्या बाबतीत शहर दुय्यम आहे. छुप्या दारांचं आणि जिन्यांचं म्योर्यूजी गमतीचं आहे, पण त्याला आरक्षण लागतं. जवळच्या फुकुई प्रांतातलं झेन गुरू दोगेन यांनी स्थापलेलं एइहेइजी (१२४४) मात्र एक पूर्ण दिवस देण्याच्या तोलाचं. कानाझावाला पाऊस कधीही गाठतो; 'डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस' अशी तिकडची म्हणच आहे. मार्च २०२४ पासून क्योटोहून कानाझावाला थेट गाडी नाही, त्सुरुगाला बदलावी लागते.

आणि पश्चिम जपानमधलं मात्सुए. माझा कौल इकडे आहे. अठराव्या शतकात इथले सरदार मात्सुदाइरा फुमाई स्वतः मोठे चहाचे जाणकार होते आणि त्यांची आवड गावाने अजून सोडलेली नाही. १७७९ चं मेइमेइआन हे गवती छपराचं चहाघर टेकडीवर आहे. शेजारच्या दालनात चटईवर बसायचं; समोर दोन मिठाया येतात. एक हिरवीगार 'वाकाकुसा', मऊ आणि वरून साखरेने खरखरीत. दुसरी पिवळी, तिच्यावर फुललेल्या भाताचे पांढरे ठिपके, म्हणजे मोहरीच्या शेतावरची फुलपाखरं. आधी गोड संपवायचं, मग चहा. ती गोडी जिभेवर असताना माचाचा कडूपणा इतका सुरेख लागतो की मी दुसरा वाडगा मागितला. बसणं म्हणजे आपलं वज्रासन, तेव्हा आपल्याला ते जड जात नाही.

देवळं इथे थोडी. फुमाईंची समाधी असलेलं गेश्शोजी, जूनमध्ये हायड्रेंजियाच्या फुलांनी भरलेलं, तेवढं पुरे. शाकाहाऱ्यांना जेवणाचे हाल होऊ शकतात. गाव माशांचं आहे आणि रस्सा बहुधा माशाच्या अर्काचा असतो. सोबत थेपले, चटण्या ठेवा.

म्हणून देवळं आधी असतील तर सगळे दिवस क्योटो-उजीला द्या. चहा आधी असेल तर चार रात्री क्योटो, तीन रात्री मात्सुए. हस्तकलेचं वेड असेल तरच कानाझावा. सात दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० वरून ५०,००० येनवर गेला, तेव्हा सुटी तिकिटं जोडून पाहिल्याशिवाय तो घेऊ नका.

मात्सुएला जाताना ओकायामाला गाडी बदलावी लागते. तिथे तीन तास मोकळे ठेवा. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएनवरून घेतलंय, ती १७०० साली पुरी झालेली मूळ बाग तिथे आहे. आणि तिच्यात चहाचा एक लहानसा मळाही आहे, गोल कातरलेल्या झुडपांच्या ओळींचा. पुण्याच्या बागेत तो नाही.